केप नसलेला बॅटमन

[काळा पडदा. लाल प्रकाशाचे झोत. उंच इमारतींमधून झेपावणारी आकृती.]

हा बॅटमन आधी नीट बघून घ्या. खांद्यावर केप नाही. अंगभर काळा पोशाख, छातीवर लाल वटवाघूळ. जुन्या बॅटमनचा निदान जबडा तरी उघडा असायचा, इथे कातडी कुठेच दिसत नाही. हात पसरले की काखेतून लाल पंख उघडतात, बुटांतून जाळ निघतो आणि हा पोरगा निओ-गॉथम या भविष्यातल्या शहरातल्या उडत्या गाड्यांमधून वाट काढत जातो.

'बॅटमन बियॉन्ड'. १० जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेत टीव्हीवर आलेली मालिका.

[जुनी कॉमिक्स. मग १९९२च्या मालिकेतलं गॉथम.]

बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमन १९३९चा. १९९२च्या ॲनिमेशन मालिकेने त्याला नवं रूप दिलं. ही पार्श्वभूमी बघा. कागदच काळा घेतलाय. अंधार रंगवायचाच नाही, तो असतोच. रंगवायचा तो फक्त उजेड. खिडकीची चौकट, दिव्याखालचा फूटपाथ, बस्स.

पुढे वाहिनीला शाळकरी वयाचा बॅटमन हवा झाला. सोपं होतं, मूळ बॅटमनला, म्हणजे ब्रूस वेनलाच लहान करून टाकायचं. ब्रूस टिम, पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट यांनी ते केलं नाही. त्यांनी शाळकरी पोरगा आणला, टेरी मॅकगिनिस. आणि ब्रूसला म्हातारा केलं. उडणारे बूट कुणालाही सुचले असते. हे सुचायला त्या माणसावर जीव असावा लागतो.

[पहिला भाग. ब्रूस छाती धरून कोसळतो.]

पहिल्याच भागातला हा प्रसंग. अपहरण झालेल्या मुलीला सोडवताना ब्रूसचं हृदय दगा देतं. समोरचा गुंड मारतोय, हातात त्राण नाही. जमिनीवर पिस्तूल पडलंय. ज्याचे आईवडील पिस्तुलाच्या गोळीने गेले, तो ते उचलतो आणि रोखतो. गोळी सुटत नाही. पण त्याचा हात बघा.

[गुहा. पोशाख टांगला जातो. दिवे मालवतात.]

वीस वर्षांनी टेरीच्या वडिलांचा खून होतो. तो ब्रूसच्या गुप्त गुहेतून बॅटमनचा पोशाख पळवतो. इकडे ब्रूस संगणकासमोर बसून एका बटणाने पोशाख बंद पाडतो. भर मारामारीत टेरी जागच्या जागी अडकतो, वरून मार पडतोय, आणि कानात म्हाताऱ्याचा आवाज. विनवण्या करूनच तो पोशाख पुन्हा चालू होतो. गुरू-शिष्याच्या नात्याची सुरुवात इतकी कडवट दाखवायला धीर लागतो.

तो आवाज केविन कॉनरॉय यांचा. १९९२चा तरुण ब्रूसही त्यांचाच. डोळे मिटून ऐकलं तरी मधली वर्षं ऐकू येतात.

[भराभर बदलणारी दृश्यं.]

तीन सीझन, ५२ भाग, २००० साली एक चित्रपट, २००१मध्ये समाप्ती. टेरी पुढे कॉमिक्समध्येही गेला.

[गुहा. पाठमोरा ब्रूस. शेजारी कुत्रा एस.]

टेरी बाहेर पडलाय. आता पडद्यावर तो नाही. म्हातारा खुर्चीत बसलाय, काठी टेकवून ठेवलीय, आणि कान आवाजाकडे लागलेत.