थंडी पुरली नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या हंगामात, फेब्रुवारी सरता सरता, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या एका शेतकरीदादांनी माझ्या हातावर गव्हाची ओंबी ठेवली. मी ती तळव्यावर चोळली, फुंकर मारून कुसळं उडवली. ओंबी दिसायला चांगली लांब, पण दाणे बारीक, सुरकुतलेले, जिऱ्यासारखे. रोग नव्हता, कीड नव्हती, पाणीही वेळेवर दिलेलं. दादा म्हणाले, "ताई, थंडीच पुरली नाही."

हा 'पुरली' शब्द माझ्या मनातून जात नाही. थंडी अजूनही पडते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण ऐकतो. पण ती येते चार दिवस आणि जाते. मध्येच ढग येतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आकाश निरभ्र असेल तरच निवते. ढग आणि दमट हवा असली की तीच ऊब गोधडीखाली कोंडल्यासारखी खाली राहते. त्यात हवेत वाढत चाललेला कार्बन डायऑक्साइड, तोही ऊब धरून ठेवतो. पहाटे अंगणात उभं राहिलं तरी हुडहुडी भरत नाही ती यामुळे.

गव्हाला साधारण ७ ते २१ अंशांचं हवामान मानवतं. गारव्यात त्याला फुटवे चांगले फुटतात. पुढे दाण्यात दुधासारखा चीक भरत असताना ऊन तापलं, की पीक घाईला येतं, मुदतीआधीच पिवळं पडतं आणि दाणा पोसायचा राहून जातो. आणि फेब्रुवारी तर तापतोच आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२३चा फेब्रुवारी दिवसाच्या कमाल तापमानात देशभरात सर्वांत उष्ण ठरला. दोनच वर्षांनी, २०२५च्या फेब्रुवारीनं सरासरी तापमानाचा उच्चांक गाठला. २०२२च्या मार्चमधल्या उष्णतेनं पंजाब-हरियाणातला गहू होरपळला आणि मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

दुसरं टोक पावसाचं. २०२० साली हवामान विभागानं पावसाळ्याच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. पाऊस रेंगाळला की शेताला वाफसा येत नाही, म्हणजे चिखल सुकून जमीन पेरणीजोगी होत नाही, आणि पेरणी लांबते. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरतात. म्हणजे पीक उशिरा उभं राहायचं आणि ऊन लवकर यायचं. बिचाऱ्या गव्हानं वाढायचं तरी कधी? कोकणातल्या हापूसचंही तसंच. थंडी नसली की झाड पालवीच काढत बसतं आणि मोहोर लांबतो.

माझी कळकळीची विनंती आहे, पेरणी लांबलीच तर बियाणं घरात आहे म्हणून तेच पेरू नका. उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेलं वाण आणा. निफाडच्या गहू संशोधन केंद्रानं तसे वाण दिलेले आहेत. पेरणीनंतर ८० ते ८५ दिवसांनी, दाणा चिकात असतानाचं पाणी चुकवू नका. त्या दिवसांत ऊन अचानक वाढलं तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. वारा जोराचा असेल त्या दिवशी मात्र थांबा, ओंब्या भरलेला गहू ओल्या जमिनीत लोळतो.

नमस्कार.