एक जानेवारीचा केक

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहत होते, तेव्हा दर शनिवारी मी काही मुलांना इंग्रजी शिकवायचे. अफगाणिस्तान, सुदान, इरिट्रिया इथून आसरा मागायला आलेली, पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एकटी आलेली. आई नाही, बाप नाही, अगदी एकटी.

एकदा हजेरीपट चाळला, तर पाचांपैकी तिघांची जन्मतारीख 1 जानेवारी! म्हटलं, वा, एका केकात तिघांचं भागलं. वाढदिवसाला खरं तर शिराच करावा, केक म्हणजे नुसता साखरेचा फेस, पण माझं ऐकतंय कोण! नाताळच्या सुट्टीनंतर केक घेऊन गेले. त्यांतला एक मुलगा अफगाणिस्तानातल्या नंगरहार प्रांताचा. पेशावरला राहिल्यामुळे उर्दू बोलायचा, म्हणून त्याच्याशी माझं जरा जमायचं. मला 'बाजी' म्हणायचा, म्हणजे उर्दूत ताई. त्यानं केककडे पाहिलं आणि विचारलं, "बाजी, ही तारीख तुम्हाला कुणी दिली?" केकला बोट लावलं नाही. पुढचे दोन शनिवार फिरकलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी आला, तेव्हा त्याला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांची जन्मतारीख 1 जून. तुमच्याही घरात असेलच की कुणीतरी 1 जूनवाले! आजोबांना तारीख ठाऊक नव्हती. हेडमास्तर म्हणाले, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. लागला हात. घाला पहिलीत, लिहा 1 जून! पोरानं लगेच आपला हात डोक्यावरून नेला, कान धरला आणि पहिल्यांदाच हसला. मग म्हणाला, "आणि दात? दात नाही बघितले?" त्याच्या चुलतभावाचं वय ठरवायला स्वीडनमध्ये त्याच्या अक्कलदाढांचे एक्स-रे काढले होते.

या मुलांजवळ जन्मदाखला नसतो, म्हणून कुठल्याशा कचेरीत 1 जानेवारी लिहिली जाते. आणि सगळं त्या तारखेवरच अडतं. अठराच्या आत असलात तर कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, सांभाळणार, नाही तर मोठ्यांत रवानगी. सरहद्दीवरचा अधिकारी विचारतो, वय काय? समाजसेविका विचारते, वय काय? वकीलही तेच. उत्तर जरा इकडचं तिकडे झालं की पोरगं खोटारडं. त्यात वाटेतल्या दलालानं आधीच पढवून ठेवलेलं असतं, काय बोलायचं आणि काय नाही. बरं, सरकारी छपराखाली तरी निर्धास्त राहावं? जुलै 2021 पासून दीड वर्षात ब्रिटिश सरकारनं अशी 4,600 मुलं हॉटेलांत ठेवली. त्यांतली 200 तेव्हा बेपत्ता होती, हे जानेवारी 2023 मध्ये मंत्र्यांनीच संसदेत सांगितलं.

तर आमचा तो मुलगा. एकदा आपणहून म्हणाला, "आई सांगायची, गव्हाची कापणी चालू होती तेव्हा तू झालास." वर्ष सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच्याकडे गहू मेच्या सुमाराला कापतात, म्हणून मे महिन्यात शिरा करून नेला. डबा उघडला, तर म्हणतो कसा, "बाजी, आधी तुम्ही खा."