बे-स्टार-गा-स्टार

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हे एक वाचनालय. बाहेर पाऊस, आत ओल. या लोखंडी कपाटातले ठराव, पत्रकं, लग्नपत्रिका, जुने अंक, सगळं दोन उन्हाळ्यांत स्कॅन झालं. तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता. आज दाखवायला आहे तो हा काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी रेघ.

अडचण आहे नावांची. कागदावर होतं तेच नाव फाईलला दिलं. कुणावर बेळगाव, कुणावर बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सरकारी कागदांवर बेळगावी. (ही १ नोव्हेंबर इकडे १९५६ पासून वेगळ्याच कारणाने लक्षात आहे: त्या दिवशी हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला.)

आता बोटं बघा. फाइंड, म्हणजे फाईल शोधायची आज्ञा; टिंब, म्हणजे याच फोल्डरात; नेमचा पर्याय, म्हणजे नावावरून; आणि एकेरी अवतरणात 'बे*गा*'. स्टार म्हणजे इथं काहीही चालेल: एक अक्षर, दहा अक्षरं, नाहीतर काहीच नाही. तिन्ही बेळगावं एका दमात खाली उतरली. मागोमाग 'बेगारीचा हिशोब'ही आला. दार सताड उघडं टाकल्यावर कोण येईल त्याला येऊ द्यावं लागतं.

अवतरणं विसरलात तर फाइंडच्या आधी शेलच, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रामच, स्टारच्या जागी जुळणारी नावं उलगडून बसतो आणि भलतंच हाती लागतं. हे उलगडणं १९७१ च्या पहिल्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्राम करायचा. ग्लोबलचं ते आखूड रूप.

प्रश्नचिन्ह मात्र चिक्कू. एकाला एकच जागा. आणि मराठी माणूस फसतो तो इथंच. 'नि' आपल्याला एक अक्षर, मशीनला दोन: आधी न, मग वेलांटी, डोळ्यांना ती अलीकडे दिसत असली तरी. म्हणून निपाणीला सहा प्रश्नचिन्हं लागतात, कन्नड वळणाच्या निप्पाणीला आठ. मोजत कोण बसणार? 'निप*णी' लिहिलं की दोन्ही हजर.

मध्ये एकदा पुसायच्या आज्ञेत स्टारनंतर चुकून स्पेस पडली, एकट्या स्टारने सगळंच पकडलं, फोल्डर रिकामा झाला, परत स्कॅन केलं.

"काय शोधालास रे?"

"येळ्ळूर, काका."

"एक ळ, का दोन?"

"दोन्ही."

'*य*ळूर*'. यादी सरकते. ग्रामसभेचे ठराव. कुस्तीची पत्रकं. २०१४ च्या जुलैत हटवलेल्या 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलकाचा फोटो.

काका चष्मा पुसतात. खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात.

"ही उघड."