आधी खालून, मग वरून : रेसिप्रोकेटिंग सॉ आणि आंब्याची फांदी

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका. (मशीन दोन सेकंद चालू) पातं मागेपुढे, मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा. हे मशीन मूळचं बागेतलं नव्हेच. 1951 साली अमेरिकेत मिलवॉकी कंपनीनं ते ‘सॉझॉल’ नावानं आणलं, तोडफोडीच्या कामासाठी. पाइप काप, खिळे मारलेलं लाकूड काप. बॅटरी आली आणि ते झाडापर्यंत पोचलं. चेनसॉला बिचकणारा माणूसही हे बिनधास्त उचलतो. घोळ तिथेच होतो.

(बुंध्याजवळ) हा आमच्या परसातला आंबा. हा सोललेला पट्टा दिसतोय? तो माझा पराक्रम. मशीन नवीन, हात शिवशिवत होते. मांडीएवढी फांदी, थेट वरून पातं लावलं. अर्ध्यात गेलं नाही तोच फांदी स्वतःच्या वजनानं कडाडली आणि जाताना बुंध्याची साल दोन हात सोलून घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्याच जखमेत खोडकिडा. भोकातून भुसा गळायला लागला तेव्हा कळलं.

म्हणून एका फांदीला तीन काप. बुंध्यापासून हातभर लांब, पहिला काप खालून, पाव-एक जाडीपर्यंत. जास्त गेलात तर पातं चिमटलंच. दुसरा वरून, त्याच्या चार बोटं पुढे. आता फांदी मोडली तरी साल खालच्या कापापाशी तुटते. उरलं खुंट, त्याला वजन नाही. तिसरा काप सावकाश.

कुठे? जवळून दाखवतो. फांदी बुंध्याला मिळते तिथे सालीला सुरकुत्या आहेत, खाली फुगीर कडं आहे. काप त्या कड्याच्या बाहेर. गुळगुळीत दिसावं म्हणून बुंध्याला चाटून कापायचं नाही, खुंटीही ठेवायची नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत घालतं. त्या भिंतीची तयारी या कड्यात असते.

आता पातं. ओल्या लाकडाला इंचाला पाचेक दातांचं, नऊ किंवा बारा इंची. लोखंडाचं बारीक दातांचं लावलंत तर भुसा अडकून नुसता धूर निघेल. टोक फांदीच्या पलीकडे बाहेर राहिलं पाहिजे. आत ठोकलं गेलं की मशीन उलटा हिसका देतं. आणि पुढची ही लोखंडी पट्टी फांदीला घट्ट टेकवायची. नाही टेकवली तर फांदी कापली जात नाही, ती आणि तुम्ही दोघं मिळून थरथरता. अंगठ्याएवढ्या डहाळ्यांना म्हणूनच हे लावू नका, त्यांना कात्री किंवा कोयती.

शिडीवर उभं राहून मी हे वापरत नाही. दोन्ही हात मशीनला लागतात, मग शिडी कोण धरणार? जवळून विजेची तार जात असेल तर विषयच संपला, वायरमनला बोलवा. डोळ्यांना गॉगल, हातभर बाह्या. आंब्याचा चीक कातडीवर भाजल्यासारखा उठतो.

कापावर बोर्डो पेस्ट : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, प्लास्टिकच्या बादलीत. कामानंतर पातं रॉकेलच्या फडक्यानं पुसा, नाहीतर चीक वाळून दात बुजतात.

शहरात राहत असाल तर झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा. महाराष्ट्रात 1975 पासून तसा कायदा आहे.

चला, बॅटरी चढवतो. अरे, कॅमेरा घेऊन मागे सरक. अजून मागे. फांदी तुझ्याच बाजूला येणार आहे.