छपराची हॅट

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत 'टोपी घालणं' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आज ज्या कारखान्याची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या छपराने पहिल्यांदा मलाही अशीच टोपी घातली.

जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला साधारण 50 किलोमीटरवर लुकनवाल्डे नावाचं गाव आहे. कामगारांचं गाव. कापड, कागद, लोखंड, असे नाना धंदे इथे चालले. कागदी ताटलीचा, म्हणजे आपल्या पत्रावळीच्या त्या जर्मन मावसबहिणीचा जन्मही इथलाच, 1867 सालचा. आणि इथे हॅट बनत.

1921 साली गावातले दोन हॅटवाले, हेरमान आणि श्टाइनबर्ग, एकत्र आले. नव्या कारखान्याचं काम त्यांनी एरिक मेंडेलसोन या तरुण वास्तुविशारदाकडे सोपवलं. हेरमान यांच्यासाठी त्याने आधीही काम केलं होतं. त्याच सुमाराला पॉट्सडॅमला त्याचा आइनस्टाइन टॉवर, म्हणजे सूर्याची वेधशाळा, उभा राहत होता. 1923 पर्यंत कारखाना पुरा झाला. हे वर्ष लक्षात ठेवा. याच वर्षी जर्मन मार्क इतका घसरला, की माणसं पावासाठी नोटांची बंडलं घेऊन फिरत होती.

काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या चार लांब कार्यशाळा, वीजघर, फाटकाशी दोन छोट्या इमारती आणि रंगखाना. या रंगखान्याच्या डोक्यावर एक प्रचंड हॅट! खाली रुंद, वर निमुळती, शेंडा सपाट. मला वाटलं, मालकाने हौसेने केलेली जाहिरात असणार.

तसं नाही. त्यासाठी हॅट कशी होते ते आधी ऐका. फेल्टची हॅट विणत नाहीत. सशाची बारीक लव गरम पाण्यात, वाफेत दाबून, चोळून, आटवून तिचा एकजीव थर करतात. आपल्याकडे लोकर लाटून जेन नावाचं जाड अंथरूण करतात, त्याच जातीचं काम. लव नीट धरावी म्हणून त्या काळच्या हॅटधंद्यात पाऱ्याचे क्षार वापरत. त्याने कामगारांचे हात कापत, डोकं ठिकाणावर राहत नसे. इंग्रजीत वेड्या माणसाला हॅटवाल्याची उपमा देतात ना, तिच्याशी या आजाराचं नातं सांगितलं जातं.

मग रंगाई. उकळत्या रंगाचे हौद, आणि त्यातून उठणारी विषारी वाफ. साध्या छपराखाली ती तिथेच घुटमळणार आणि हौदापाशी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाणार. मेंडेलसोनने छपरालाच धुराडं केलं. गरम वाफ आपली आपण वर चढते. वर जागा अरुंद होत जाते, तशी वाफ ओढली जाते आणि शेंड्याच्या झडपांतून बाहेर पडते. त्या उंच टोपीचं काम खालच्या माणसाला श्वास घेऊ देणं. तिचा आकार हॅटसारखा दिसतो, हा गमतीचा भाग. आणि मेंडेलसोनला ही गंमत कळली नसेल, हे मला पटत नाही.

हॅटचा धंदा मात्र इथे जेमतेम दहा-बारा वर्षं टिकला. नाझी सत्तेवर आले. मालक ज्यू, वास्तुविशारदही ज्यू. 1933 मध्ये मेंडेलसोन देश सोडून गेला; पुढे इंग्लंड, पॅलेस्टाइन, अमेरिका, आणि 1953 साली सॅन फ्रान्सिस्कोत मृत्यू. कारखाना दुसऱ्यांच्या हाती गेला आणि तिथे युद्धसामग्री होऊ लागली. त्यात ती हॅट अडचणीची ठरली. मैलभरावरून ओळखू येणारी खूण शस्त्रांच्या कारखान्यावर कोण ठेवील? ती उतरवली.

युद्धानंतर त्याच कार्यशाळांत सोव्हिएत सैन्याचे रणगाडे दुरुस्त होत. 1957 पासून पूर्व जर्मनीच्या सरकारी कारखान्याने तिथे बेअरिंग बनवली. रणगाडा काय, बेअरिंग काय, त्या काँक्रीटच्या चौकटींनी सगळं पोटात घेतलं. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तेही बंद पडलं आणि इमारत बरीच वर्षं रिकामी, गळकी पडून राहिली.

नव्या शतकात दुरुस्ती सुरू झाली. त्यात जुन्या रूपाबरहुकूम रंगखान्यावर हॅट पुन्हा चढवली. बर्लिनहून दक्षिणेकडे जाणारी गाडी तासाभराच्या आत लुकनवाल्डेला पोचते. गावात कोणालाही विचारा, हॅटचा कारखाना कुठे. बोट दाखवतील. खाली रंगाचे हौद नाहीत, वाफ नाही. छप्पर तेवढं वर आहे, शेंडा सपाट, पूर्वीसारखंच.

नमस्कार.