दबलेला मणका आणि त्याचा कोड

समोर पाठीच्या कण्याचा, बाजूने काढलेला एक एक्स-रे आहे असं समजा. वरचे मणके बघा, साधारण चौकोनी आहेत, आणि हा जो खाली दिसतोय, बरगड्यांच्या शेवटचा, टी १२ म्हणजे छातीचा बारावा मणका, काही डॉक्टर यालाच डी १२ लिहितात, त्याची मागची उंची जागच्या जागी आहे पण पुढची बाजू दबलीय. चौकोनाची पाचर झालीय. यालाच वेज कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात.

इथेच का दबतं? छातीचे १२ मणके बरगड्यांनी बांधलेले असतात, ते फार हलत नाहीत, खालचे कमरेचे ५ मात्र वाकतात वळतात, आणि ताठ भाग जिथे संपून हलणारा भाग सुरू होतो तिथे म्हणजे टी १२ आणि एल १ (कमरेचा पहिला मणका) यांवर सगळ्यात जास्त ताण येतो. हाड चांगलं असेल तर ते मोडायला उंचावरून पडणं, गाडीचा अपघात असं काहीतरी मोठं लागतं. पण ऑस्टियोपोरोसिसने हाड ठिसूळ झालं असेल ना, तर वाकून बादली उचलली, जोरात शिंक आली, तेवढंही पुरतं. कितीतरी जणांना तर काय झालं तेच आठवत नाही. पाठ दुखते, वयामुळे असेल म्हणून अंगावर काढतात, हळूहळू उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि कधीतरी छातीचा एक्स-रे दुसऱ्याच कारणासाठी काढला की त्यात हा मणका सापडतो. (पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर मात्र थांबायचं नाही, लगेच इमर्जन्सीत जायचं.)

रेडिओलॉजिस्ट उंची किती कमी झाली ते बघतात. २० ते २५ टक्के म्हणजे सौम्य, २५ ते ४० मध्यम, ४० च्या वर गंभीर. पण फ्रॅक्चर ताजं की जुनं, हे एका एक्स-रेवरून बऱ्याचदा कळत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, ताज्या फ्रॅक्चरमधे हाडाच्या आतली सूज स्टर सिक्वेन्सवर, म्हणजे एमआरआयच्या एका खास प्रकारच्या चित्रात, पांढरी चमकते. ही सूज लक्षात ठेवा, कोड ठरवताना परत लागणार आहे.

आता हीच फाईल कोडरकडे येते, म्हणजे आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड देणाऱ्याकडे. आपण अमेरिकेतल्या इन्शुरन्स क्लेमचं बोलतोय, तिथे निदानासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी वापरतात. चित्र एकच, मणका एकच, पण कोड वेगवेगळे होऊ शकतात. शिडीवरून पडून चांगलं हाड मोडलं, तर एस २२.०८०ए, दुखापतीचा कोड. ऑस्टियोपोरोसिसमुळे मोडलं, तर एम ८०.०८एक्सए. कॅन्सरने पोखरलेलं हाड असेल तर एम ८४.५८एक्सए आणि सोबत कॅन्सरचा कोड. आणि दुखापत नाही, कारणही लिहिलेलं नाही, नुसता मणका खचलाय, तर एम ४८.५ चा गट. एमआरआयमधे सूज नाही आणि डॉक्टरांनी ऑस्टियोपोरोसिसचं जुनं, भरून आलेलं फ्रॅक्चर असं लिहिलंय, तर ऑस्टियोपोरोसिसचा एम ८१.० आणि पूर्वी फ्रॅक्चर होऊन गेल्याचा झेड ८७.३१०.

सगळ्यात जास्त गडबड पहिल्या दोनमधे होते. नोटमधे लिहिलंय, पेशंट घरात चालताना पडला. पडला हा शब्द दिसला की हात आपोआप एस कोडकडे जातो. पण नियम स्पष्ट आहे, ऑस्टियोपोरोसिस आहे हे माहीत असेल आणि निरोगी हाड एवढ्याशा पडण्याने मोडलं नसतं, तर एम ८० चाच कोड लागतो, पडलेला असला तरी. मला हे नुसतं क्लेमपुरतं वाटत नाही. रेकॉर्डवर दुखापत लिहिली गेली की पुढचा डॉक्टर बघतो, पडला होता, हाड भरलं, विषय संपला. मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, होत नाही, हाडांचं औषध सुरू होत नाही, आणि एक मणका दबला की पुढचा दबायचा धोका वाढलेला असतो तो तसाच राहतो.

शेवटचं अक्षर, ए, याचाही गैरसमज आहे. ए म्हणजे पहिली व्हिजिट नाही, ए म्हणजे ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी कायफोप्लास्टी, म्हणजे मणक्यात सिमेंट भरायची प्रक्रिया, केली तरी ए च. नंतर नुसतं हाड नीट भरतंय का बघायला आला, तेव्हा डी.

कायफोप्लास्टीत बलूनने मणक्यात पोकळी करून सिमेंट भरतात, छातीच्या मणक्याला सीपीटी (प्रक्रियांच्या कोडची वेगळी यादी) २२५१३, कमरेच्या मणक्याला २२५१४. एकाच वेळी टी १२ आणि एल १ दोन्ही केले तर दोन मुख्य कोड लावायचे नाहीत, एक मुख्य आणि दुसऱ्या मणक्यासाठी २२५१५. पोकळी न करता थेट सिमेंट भरलं तर ती व्हर्टिब्रोप्लास्टी, तिचे कोड २२५१० पासून. ऑपरेशन नोटमधे पोकळी केल्याचा उल्लेख आहे का, ते शोधूनच ठरवायचं.

आणि नोटमधे कारणच नसेल तर? वय ७८ आहे, डेक्साचा टी-स्कोर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे ३.१ म्हणजे बराच कमी आहे, कोडरला दिसतंय सगळं, तरी स्वतःच्या मनाने ऑस्टियोपोरोसिस लावता येत नाही, ते निदान डॉक्टरांनीच लिहायला हवं. मग डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवायची, आणि तीही उत्तर त्यांच्या तोंडात न घालता. म्हणजे अशी: टी १२ च्या कॉम्प्रेशन फ्रॅक्चरचं कारण कृपया नोंदवावं, दुखापत, ऑस्टियोपोरोसिस, कॅन्सर, इतर काही, किंवा सांगता येत नाही. उत्तर येईपर्यंत फाईल होल्डवर ठेवायची.