मळीचं पुढे काय होतं

[पहाट. निपाणी-चिकोडी रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांची रांग.]

टेपवर एक गाणं मराठी, पुढचं कन्नड. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा हा ऊस सीमेच्या अलीकडेही गाळतात, पलीकडेही. हद्द उसाला कुठली कळायला? काट्यावर वजन झालं, मोळ्या कारखान्याच्या गव्हाणीत पडल्या, की शेतकऱ्याच्या लेखी ऊस संपला. दर मिळणार तो साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर.

आपली गोष्ट तिथून पुढची.

साखर काढून झाली की मागं उरते मळी. काळी, दाट, बोटाला लागली की सुटत नाही. वास गुऱ्हाळाचा, चव मात्र करपट. हिच्यात जवळपास निम्मी साखरच असते, पण तिचे दाणे पाडणं परवडत नाही. यीस्टला कुठं दाणे हवेत? मळी पाण्यात पातळ करायची, यीस्ट सोडायचं आणि टाकी तापू द्यायची नाही.

[फर्मेंटरची, म्हणजे आंबवण्याच्या टाकीची काच. आत फेस.]

उकळतंय असं वाटतं ना? खाली आच नाही. आंबोळीच्या पिठाला रात्रीत जाळी पडते, तोच हा कार्बन डायऑक्साइड. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं आणि हा वायू सोडतं. 100 किलो ग्लुकोजमधून अल्कोहोल निघतं फार तर 51 किलो; उरलेलं वायू होऊन उडून जातं.

पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल ते हेच, आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड होतं, आणि दोघं मिळून इथाइल अ‍ॅसिटेट. बिस्किटाच्या पुड्यावरची शाई त्यात कालवतात.

जंतू बदलला की माल बदलतो. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते ना, तिच्याच कुळातली बुरशी साखरेचं सायट्रिक अ‍ॅसिड करते. 1917 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी ती रीत मांडली आणि त्या अ‍ॅसिडसाठी लिंबं पिळायची गरज सरत गेली. दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात; त्यातून प्लास्टिकसुद्धा होतं.

[डिस्टिलरीची मागची बाजू.]

इकडे सहसा कॅमेरा नेत नाहीत. लिटरभर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेलं पाणी, निघतो. तपकिरी, उग्र वासाचा. ओढ्यात गेला तर मासा जगत नाही. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पोटॅश उरतं, उसानं शेतातूनच उचललेलं.

[खताचं दुकान.]

पोत्यात भरून ते शेतकऱ्याकडे परत येतं. विकत.